नवी लेन्स खरंच जास्त शार्प आहे का?

'जुनी विरुद्ध नवी लेन्स' असे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. संशोधनाची तयारी करताय ना? मग निकाल सोडा, पद्धत बघा.

कॅननची स्वस्तातली ५० मिमी एफ/१.८ घ्या. १९९० ची 'टू' आणि २०१५ ची 'एसटीएम'. दोन्हींत भिंगं सहा, पाच गटांत. काचेची मूळ रचना तीच. बदललं ते कोटिंग, फोकसची मोटर, आणि ॲपर्चरची पाती पाचाची सात झाली. त्यामुळे एफ/४ ला मागच्या दिव्यांचे पंचकोन जाऊन गोलसर ठिपके येणार, हे अपेक्षितच. पण कुणी फोटोच्या मधोमध 'दुप्पट शार्प' म्हणत असेल, तर आधी संशय फोकसवर घ्या, काचेवर नाही.

मीही हेच करून बसलोय. भिसेगावातल्या गच्चीवरून माथेरानच्या डोंगराचे फोटो काढले. जुन्या लेन्सने भर दुपारी, नवीने दुसऱ्या दिवशी पावसाची सर गेल्यावर. काय फरक! मोजला होता हवेतला धूसरपणा आणि श्रेय दिलं काचेला.

मग घरातच भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं. ट्रायपॉड, रॉ फाइल, प्रत्येक लेन्सचे दहा फोटो, दर वेळी फोकस नव्याने. मधला फरक जवळपास गेलाच. (कडांबद्दल बोलत नाही, वर्तमानपत्र सरळ लागलं नव्हतं.)

शिवाय माझ्याकडे प्रत्येकी एकच नग. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक निघतो. म्हणून वहीत 'नवी लेन्स' खोडून 'माझी नवी लेन्स' लिहिलं.