धूर, ओलं इंधन आणि ‘संशोधनातून सिद्ध झालं आहे’

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या अनुमानापर्यंत आलो होतो. आज तोच धागा धरून जरा वेगळ्या वस्तीत जाऊ. वर्तमानपत्रात दर दोन दिवसांनी एक वाक्य भेटतं : ‘संशोधनातून सिद्ध झालं आहे की...’ त्यापुढे काहीही येऊ शकतं. कॉफी येते, उपवास येतो, मुलांचा हट्टही येतो. या वाक्याचं आज परीक्षण करायचं आहे. संशोधनाचं नव्हे, बरं का. संशोधन होऊन गेल्यावर आपण त्यावरून जे काढतो, त्या निष्कर्षाचं.

सगळ्यांच्या ऐकण्यातलं उदाहरण घेऊ. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकाअखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चारेक वर्षांच्या मुलांपुढे गोड खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. मार्शमेलोचा प्रयोग म्हणतात तो हा. पुढे ती मुलं मोठी झाली, आणि 1990च्या निबंधात दिसलं की जास्त थांबलेल्यांचे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतले गुण सरासरीने अधिक होते. झालं! पालकत्वाच्या पुस्तकांना मंत्र मिळाला : मुलाला संयम शिकवा, यश मागून येईल.

आता बघा, इथे किती उड्या मारल्या गेल्या. गुणांचा संबंध दिसला तो काही डझन मुलांमध्ये, आणि तीही विद्यापीठाच्या बालवाडीतली. त्यांच्यावरून आपण जगातल्या सगळ्या मुलांवर आलो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, त्यावरून एक दुसरीचं कारण आहे असं ठरवलं. आणि तिसरी उडी तर कुणाच्या लक्षातही येत नाही : जे मूल आपणहून थांबलं त्याच्यावरून, ज्याला थांबायला शिकवलं जाईल त्याच्याविषयी बोललो.

2018 साली वॉट्स, डंकन आणि क्वॅन यांनी 900हून अधिक मुलांची माहिती तपासली. मूळ संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती, मुलाची आधीची समज वगैरे हिशेबात घेतल्यावर त्या निम्म्यातलाही दोनतृतीयांश गेला. त्याआधी 2013 साली रॉचेस्टर विद्यापीठात आणखी एक गमतीदार प्रयोग झाला होता. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असं सांगितलं आणि दिले नाहीत. काहींना सांगितल्याप्रमाणे दिले. मग खाऊ पुढे ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन. म्हणजे ज्या घरात ‘उद्या देतो’ला काही अर्थ नसतो तिथल्या मुलाने आत्ता खाऊन टाकणं हा असंयम नाही, व्यवहारज्ञान आहे. (प्रयोगात मुलं फक्त 28 होती. तेव्हा हा निष्कर्ष आम्हाला आवडला, म्हणून तो डोक्यावर घेऊ नये.)

नैयायिकांकडे याला नेमका शब्द आहे : उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती खरी. उलटं करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणालात की फसलात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. ज्याने आयुष्यभर फक्त ओली लाकडं जळताना पाहिली त्याला ही गोष्ट कधीच जाणवणार नाही. त्याची शंभर निरीक्षणं शंभर टक्के खरी, आणि निष्कर्ष चूक. प्रयोगाचे आकडे खोटे असावे लागत नाहीत, मंडळी. उपाधी न दिसणं पुरेसं असतं.

आता ज्यात मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे तिकडे येऊ. 1980 साली तामिळनाडूत जागतिक बँकेच्या मदतीने पोषण प्रकल्प सुरू झाला. लहान मुलांची नियमित वजनं घ्यायची, वाढ खुंटलेल्यांना पूरक आहार द्यायचा, आणि आयांना आहाराविषयी समजावून सांगायचं. गंभीर कुपोषण घटलं. ही घडण समोर ठेवून 1995 साली बांगलादेशात प्रकल्प उभा राहिला. तिथे परिणाम अपेक्षेच्या मानाने फारच थोडा. का? नॅन्सी कार्टराइट या तत्त्वज्ञ बाईंनी या उदाहरणाची फार चांगली चिरफाड केली आहे. बांगलादेशातल्या बऱ्याच घरांत बाजार करतो पुरुष, आणि एकत्र कुटुंबात पानात काय वाढायचं हे ठरवते सासू. शिकवलं होतं सुनेला! शिवाय बाळाचा म्हणून दिलेला आहार घरात वाटला जाई, किंवा तो मिळतो म्हणून घरचं जेवण कमी होई.

सासू ही इथली उपाधी. तामिळनाडूच्या अहवालात ती नाही, कारण तिथे ती वाटेत आली नाही. जे वाटेत आलं नाही त्याची नोंद कोण करणार? कार्टराइट यांचं म्हणणं असं की ‘तिथे चाललं’ आणि ‘इथे चालेल’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि पहिल्याचा पुरावा कितीही भक्कम असला तरी तो दुसऱ्याचा पुरावा आपोआप होत नाही. ‘आईला शिकवा’ हे कारण नव्हतंच. ‘ज्याच्या हातात बाळाचं अन्न आहे त्याला शिकवा’ हे असावं. दोन्ही वाक्यं तामिळनाडूत सारखीच खरी ठरतात. म्हणून तर घोटाळा.

यावर हमखास उत्तर येतं : चिठ्ठ्या टाकून गट पाडा, म्हणजे निष्कर्ष पक्का. पद्धत उत्तम आहे, आम्ही तिचे विरोधक नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना अनियमित ठोके दाबणारी औषधं देत असत. ठोके दबत, म्हणून जीव वाचत असेल असं धरून चालले होते. 1989 साली अशाच चाचणीतून कळलं की त्यातल्या दोन औषधांनी मृत्यू वाढत होते. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर हे कळायला किती काळ गेला असता कोण जाणे. पण चिठ्ठी सांगते ती इतकंच, की या लोकांत हा फरक या उपायामुळे पडला. दुसऱ्या गावची सासू चिठ्ठीत निघत नाही.

आणि उलट्या टोकाचे विद्वानही आपल्याकडे कमी नाहीत : ‘ते तिकडचं, आपल्याकडे लागू नाही.’ हाही निष्कर्षच आहे, आणि त्याला तर एकही प्रयोग लागत नाही! इलेक्ट्रॉनचा भार शिकागोत मोजला म्हणून पुण्यात बदलत नाही. कोणती उपाधी इथे वेगळी आहे हे दाखवा, मग नाकारा.

आपल्या जवळचं उदाहरण बघून थांबू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं; तुलनेला 47 गावं होती. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने 62 टक्क्यांनी घटला. गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, म्हणून काहींनी नाकं मुरडली. आम्हाला तो आक्षेप दुय्यम वाटतो. एवढी मोठी घट केवळ निवडीतल्या फरकाने पडावी, हे पटण्याजोगं नाही.

खरा प्रश्न पुढचा. 2011 साली घरभेटीची ही कल्पना आशाताईंमार्फत देशभर नेण्याचं ठरलं, आणि ते योग्यच झालं. पण गडचिरोलीतली आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून स्वतः इंजेक्शन देत असे. आशाताईचं काम मुख्यतः भेट देणं, तपासणं आणि गरज पडल्यास पुढे पाठवणं. तिकडे पाठीशी संस्थेची सततची देखरेख होती, इकडे आशाताईच्या डोक्यावर इतर डझनभर कामं. मग भाषणात ‘62 टक्के’ म्हणताना तो आकडा नेमका कशाचा? भेटीचा, इंजेक्शनचा, देखरेखीचा, की तिघांच्या एकत्र असण्याचा? प्रत्येक जिल्ह्यात यातलं काय पोचलं आणि काय वाटेत गळलं, हे विचारल्याशिवाय तिथल्या बाळांविषयी तो आकडा काहीच सांगत नाही.

बरं, वेळ झाली. प्रश्न घेऊ या.