शनिवारची साक्ष

कुस्ती खरी की ठरवून केलेली, हा वाद आमच्या घरात फार जुना. १९६८ साली मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले, तेव्हा आमचे थोरले काका महिनाभर त्या विजयाच्या धुंदीत होते. धाकटे काका कोल्हापूरला तालमीत राहून आलेले. ते रोज पानावर बसले की एवढेच विचारीत, "दादा, ती कुस्ती होती की नुरा?" थोरले काका उत्तर देत नसत, फक्त आमटीत मीठ जास्त पडल्यासारखा चेहरा करीत. दोघेही आज हयात नाहीत, नि वादाचा निकालही लागलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात नातवाने संगणकावर एका जुन्या अमेरिकन कार्यक्रमाच्या चित्रफिती लावून दिल्या. 'आजोबा, तुमची कुस्ती' असे म्हणून तो निघून गेला, आणि मी मात्र चार-पाच रविवार तिथेच बसून राहिलो. हा कार्यक्रम मेम्फिस शहराचा. टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी हे शहर वसले आहे. दर शनिवारी सकाळी तिथल्या पाच क्रमांकाच्या दूरदर्शन केंद्रातून दीड तास तो थेट दाखवला जाई. तो पाहिल्यावर वाटू लागले की, माझ्या दोन्ही काकांनी प्रश्न विचारला तो जरा चुकीच्या माणसाला. पैलवान खरा की खोटा हे विचारण्याआधी, कुस्ती आपल्याला सांगणारा माणूस खरा की खोटा, हे विचारायला हवे होते.

आधी या धंद्याची रीत सांगतो. १९४८ साली अमेरिकेतील काही कुस्ती-ठेकेदारांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाचा संघ काढला आणि देशाचे मुलूख आपसांत वाटून घेतले. एकाच्या मुलखात दुसऱ्याने आखाडा लावायचा नाही, असा करार. त्यातला मेम्फिसचा मुलूख १९७७ पासून जेरी जॅरेट यांच्याकडे आला. दर सोमवारी रात्री मिडसाऊथ कोलिझियम या भव्य सभागृहात त्यांच्या कुस्त्या होत. तिथे दहा-अकरा हजार माणसे बसू शकत. एवढ्या खुर्च्या दर आठवड्याला, त्याच गावातल्या माणसांनी भरायच्या, तर त्यांना दर आठवड्याला काही तरी कारण द्यायला हवे. शनिवारचा कार्यक्रम हे ते कारण. घरबसल्या फुकट पाहायचा, आणि सोमवारी तिकीट काढल्यावाचून राहवू नये एवढी उत्सुकता घेऊन उठायचे. थोडक्यात, ही दीड तासाची दवंडी होती.

दवंडीवर टीकालेख लिहावा काय, असे कोणी विचारील. पण आपल्या मासिकांतल्या 'क्रमशः' या शब्दाने किती पिढ्यांना अंक विकत घ्यायला लावले, ते आठवावे. शनिवारचा आराखडा अगदी साधा असे. फळ्यांच्या बाकांवर बसलेले थोडेसे प्रेक्षक, एक रिंग, एक टेबल. नामांकित पैलवान एखाद्या नवख्याला पाच मिनिटांत लोळवी, मग टेबलाशी येऊन बोले. बोलता बोलता दुसरा येई, बाचाबाची होई, कोणी मागून घाव घाली, आणि ऐन वेळी वेळ संपे. पुढचे सोमवारी.

रोलाँ बार्थ या फ्रेंच टीकाकाराने १९५७ च्या आपल्या पुस्तकात कुस्तीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आहे. ही कुस्ती खेळ नसून देखावा आहे आणि तिचा प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे वाचता येतो, असा त्याचा अभिप्राय. पॅरिसच्या सभागृहांतल्या कुस्त्यांबद्दल तो खरा असेल. मेम्फिसबद्दल तो अपुरा आहे. इथे क्षणाला अर्थ येतो तो मागच्या शनिवारामुळे. १९८० च्या आरंभी गावाचा लाडका नायक जेरी लॉलर याचा पाय फुटबॉल खेळताना खरोखरच मोडला. ठेकेदारावर आकाश कोसळावे असा प्रसंग. पण लॉलरचा व्यवस्थापक जिमी हार्ट, जो पूर्वी गाणारा होता, त्याने टेबलाशी येऊन आपल्याच जायबंदी राजाला नावे ठेवली आणि नवा वारस शोधायला निघाला. खऱ्या अपघाताचे बोट धरून कथा पुढे चालू लागली. लॉलर परत आला तेव्हा लोकांनी त्याच्या पायाकडे पाहिले असेल ते महिन्यामहिन्यांच्या आठवणीने.

या सगळ्याच्या मधोमध, टेबलामागे, लान्स रसेल नावाचे गृहस्थ बसत. माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा नायक हाच. वय पन्नाशीचे, नाक जरा मोठे. खलनायक त्या नाकाला केळ्याची उपमा देऊन हिणवीत. रसेल चिडत नसत. शेजारच्या घरी भांडण लागले तर वडीलधारा माणूस जसा दारात उभा राहून 'अहो, पोरे आहेत घरात' म्हणेल, तसा त्यांचा सूर. त्यांच्या जोडीला डेव्ह ब्राउन, आणि हे ब्राउन त्याच केंद्रावर हवामानाचा अंदाज सांगत. संध्याकाळी जो माणूस उद्या पाऊस आहे म्हणून सांगतो आणि पाऊस येतो, त्याने शनिवारी सकाळी सांगितले की अमक्याने तमक्याला दगा दिला, तर ते खोटे कसे मानायचे?

रसेल यांच्या निवेदनाचा उत्तम नमुना १९७९ चा आहे. मिसिसिपीतल्या टुपेलो गावी लॉलर आणि बिल डंडी या जोडीची कुस्ती संपल्यावर मारामारी रिंगणाबाहेर, थेट खाद्यपदार्थांच्या दुकानात घुसली. मोहरीच्या चटणीच्या बरण्या फुटल्या, जे हाताला लागेल ते डोक्यात बसू लागले. रसेल पाठोपाठ गेले आणि जे दिसले ते सांगत राहिले. आवाज चढला, पण शब्द चढले नाहीत. अतिशयोक्तीने ओसंडणाऱ्या धंद्यात या एका माणसाने अतिशयोक्ती करायचे नाकारले, आणि म्हणूनच बाकीच्यांची खपून गेली.

अशी पत साठली की ती खर्चही होते. १९८२ साली ती दोनदा खर्च झाली. त्या दोन खर्चांत मोठा फरक आहे.

पहिला खर्च अँडी कॉफमन या नटासाठी. न्यूयॉर्कचा हा विनोदी नट दूरदर्शनवर नाव कमावलेला. स्त्रियांशी कुस्ती खेळायची आणि त्यांना हिणवायचे, असा विक्षिप्त खेळ तो करी. न्यूयॉर्कच्या ठेकेदाराने त्याला दारात उभे केले नाही, मेम्फिसने केले. साबण कसा वापरावा याचा धडा तो दक्षिणेकडच्या लोकांना चित्रफितीतून देई, आणि अख्खे गाव पेटून उठे. ५ एप्रिल १९८२ रोजी कोलिझियममध्ये लॉलरने त्याला उलटा धरून डोक्यावर आपटले. हा डाव तिथे निषिद्ध असल्यामुळे निकाल कॉफमनच्या बाजूने लागला, आणि विजेता रुग्णवाहिकेतून गेला. जुलैमध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात, गळ्यात पट्टा घालून बसलेल्या कॉफमनच्या लॉलरने सर्वांदेखत थोबाडीत मारली. दोघे आतून मित्र होते आणि सारे ठरलेले होते, हे लोकांना पुढे कित्येक वर्षांनी कळले. कॉफमन तोवर, १९८४ सालीच, वारला होता. ही थाप गावाला महाग पडली नाही. कॉफमनने स्वतःला हास्यास्पद केले आणि गावाला जिंकू दिले.

दुसरा खर्च कमालासाठी. त्याच वर्षी जेम्स हॅरिस या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णी तरुणाला लॉलर आणि जॅरेट यांनी नवे रूप दिले. चेहऱ्यावर रंग, पोटावर चंद्र-तारे, हातात भाला. आणि बोली बंद. हा युगांडाचा रानटी राक्षस, असे जाहीर झाले. त्याची 'आफ्रिकेतली' दृश्ये जॅरेट यांच्या टेनेसीतल्या जमिनीवर चित्रित केली होती. मेम्फिसपासून मिसिसिपीची हद्द काही मैलांवर. म्हणजे शेजारच्या राज्यातला मुलगा शेजाऱ्यांनाच परका आणि जनावर म्हणून दाखवला गेला. आणि ज्या शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६८ साली हत्या झाली, त्याच शहरात हे घडले. ते दाखवणारे टेबल तेच, निवेदक तेच, आवाजातला भलेपणाही तोच. इथे माझे मन रसेल यांच्यावर रुसते. हॅरिस उत्तम कलावंत होता, त्याची भूमिका देशभर चालली, त्याचे पोट तिच्यावर भरले, हे सर्व खरे. परंतु कॉफमनच्या थापेत सोसणाराच ती रचणारा होता. या थापेत सोसणाऱ्याचे तोंड आधीच बंद केलेले होते.

धाकट्या काकांचा 'नुरा' हा शब्द म्हणूनच मला आता अपुरा वाटतो. कुस्ती ठरलेली असणे हा दोष नव्हे. नाटकाचा शेवटही ठरलेलाच असतो. ठरलेल्या खेळात कोणाचा मान खर्ची पडतो, हे पाहावे लागते.

मुलूखवाटणी पुढे मोडली. १९८४ पासून व्हिन्स मॅकमहन यांची न्यूयॉर्ककडची कंपनी देशभर पसरली, आणि १९८९ साली न्यूजर्सी राज्यापुढे तिने स्वतःच सांगून टाकले की आमचे हे मनोरंजन आहे, क्रीडा नव्हे. हेतू सरकारी नियंत्रणातून सुटण्याचा. त्यामुळे खरे-खोटेपणाचा वाद कागदोपत्री मिटला. मेम्फिसचा शनिवार मात्र तग धरून राहिला. १९८८ साली लॉलरने कोलिझियममध्येच कर्ट हेनिगला हरवून अमेरिकन रेसलिंग असोसिएशनचे जागतिक अजिंक्यपद घेतले, तेव्हा गावाने घरचे कार्य असावे तसा आनंद केला. १९९७ साली ती कंपनी बंद पडली. रसेल २०१७ साली वारले, जॅरेट २०२३ साली.

आजच्या कुस्तीत रोषणाई डोळे दिपवणारी असते, आणि निवेदक सतत ओरडत असतात. प्रत्येक घाव त्यांना इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. त्यांच्यापैकी कोणी उद्या पाऊस आहे म्हणाला, तर मी छत्री घेणार नाही. लान्स रसेल म्हणाले असते तर घेतली असती, आणि वाटेत कमालाबद्दल त्यांच्याशी भांडलोही असतो.