सकळ लिपी आणि संगणकाचे दार

रिद्धपुरी म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते श्रीचक्रधरांच्या आठवणी भक्तांच्या तोंडून ऐकून. पुढे महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत झाकले. तरी अधिकारी शिष्यास तिची किल्ली मिळे. संगणकीय ग्रंथसंग्रहाच्या प्रवेशपटाची गोष्ट उलटी आहे. अंध वाचकापाशी किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, असतो. परंतु तो कोठे लिहावा हे निनावी चौकट सांगत नाही, आणि चित्रांतील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट त्यास दारातच अडविते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली 2006 पासून विकसित होत आली असून ती विंडोजच्या प्रवेशपटावरही बोलू शकते. तेव्हा उणीव रचनेत आहे. चौकटीस नाव आणि चित्रास ध्वनिरूप पर्याय दिल्यास ती दूर होईल. श्रवणातून जन्मलेल्या ग्रंथाच्या दारी दृष्टीची अट, हा वाचकावरील अन्यायच म्हटला पाहिजे.