आज्ञा देवाची, वाचन कोणाचे?
पंडिता रमाबाईंच्या लेखनातील ईश्वरी मार्गदर्शन

आत्मकथनात ‘हे मला देवाने सुचवले’ अशा अर्थाचे वाक्य आले, की मराठी समीक्षा बहुधा दोनपैकी एक वाट धरते. भाविक वाचक तिथे हात जोडतो आणि चिकित्सक वाचक ते वाक्य ओलांडून पुढे जातो. दोघांच्याही हातून एक प्रश्न निसटतो. ज्या क्षणी पुढचे काही दिसत नव्हते, त्या क्षणी लिहिणाऱ्याने देवाची इच्छा ओळखली कशी? पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न टाळल्यामुळे मोठे नुकसान झाले आहे. आपण त्यांचे दोन तुकडे केले. ‘स्त्रीधर्मनीति’ आणि अमेरिकेचे प्रवासवृत्त लिहिणारी बुद्धिमान सुधारक रमाबाई आपली, आणि केडगावच्या ‘मुक्ति’मधील प्रार्थनामग्न रमाबाई मिशनऱ्यांची, अशी ती वाटणी. माझ्या मते ही वाटणी त्यांच्या लेखनात टिकत नाही.

सुरुवात त्यांच्या बालपणापासून करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात दक्षिणेत त्यांच्यावर उपासमार आली. १८९७ मध्ये रमाबाईंनी दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या आणि १९०७ मध्ये आपली साक्ष. या दोन्ही लेखनांत त्या दिवसांचे वर्णन आहे. उरलेले द्रव्य दानधर्मात गेले. व्रते, जप, प्रदक्षिणा सारे यथासांग झाले. देव प्रसन्न होऊन वाट दाखवील, या भरवशावर सगळे थांबले होते. कोणी आले नाही. वडील जलसमाधी घेण्याच्या निर्णयापर्यंत पोहोचले, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला की मी मजुरी करीन. शास्त्र्याच्या घरात मजुरी हा शब्दच नवा होता. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, बहीणही गेली.

हा प्रसंग रमाबाई ख्रिस्ती झाल्यानंतर सांगतात. त्यामुळे जुन्या देवांचे अपयश दाखवण्याचा हेतू त्यात आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मजकूर हेतूपेक्षा जास्त सांगतो. त्या वर्णनात खरा पेच मूर्तीचा नाही, हात बांधून संकेताची वाट पाहण्याचा आहे. भावाचे वाक्य ही त्या कथेतील पहिली हालचाल आहे, आणि ती आकाशवाणीतून आलेली नाही.

दुसरा टप्पा इंग्लंडचा. १८८३ मध्ये रमाबाई वैद्यक शिकायला तिकडे गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मराठी माणसाने लिहिलेल्या धर्मचर्चेत मला तो फार मोलाचा वाटतो, मग ती पत्रे इंग्रजीत का असेनात. सिस्टर जेराल्डिनना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणतात आणि त्याच पत्रात त्यांच्याशी हिरिरीने भांडतात.

१८८५ मधला वाद पाहा. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्या मनात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असे होते. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, कारण अशाने भारतात त्यांच्याविषयीचा आदर उरणार नाही. धर्मगुरूंचा शब्द हेच देवाचे मार्गदर्शन, असे वाँटेजला गृहीत होते. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसऱ्याचे प्रत्येक म्हणणे परमेश्वराची आज्ञा समजून मी ते पुन्हा चढवणार नाही. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांच्या जागी संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. देवावरचा विश्वास त्यांनी कुठेच मागे घेतलेला नाही. नाकारला आहे तो देवाच्या वतीने बोलण्याचा इतरांचा मक्ता. सत्तावीस वर्षांची, परदेशात परक्यांच्या आश्रयाने राहणारी, लेकुरवाळी विधवा हे लिहिते आहे. या पत्रांची किंमत आश्रय गमावण्याइतकी असू शकली असती.

तिसरा टप्पा दुष्काळाचाच. बाप्तिस्म्याने धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो १८९१ च्या सुमारास मिळाला, असे साक्षीत त्या सांगतात. यापुढे त्यांच्या गद्यात ‘देवाने सुचवले’ हे वळण वाढते आणि चिकित्सक वाचक इथेच पुस्तक मिटतो. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडल्यावर मध्य प्रांतात जाऊन तीनशे मुली आणण्याचा निर्णय कसा होतो, ते बारकाईने वाचावे. हातात तेवढा पैसा नाही. शारदा सदनाला बोस्टनच्या मंडळाने दिलेली हमी दहाच वर्षांची, आणि ती संपत आलेली. व्यवहार ‘थांब’ म्हणतो. पुढे पाऊल टाकायला लावते ती स्वतःच्या उपासमारीची आठवण. ज्याला त्या देवाचा आदेश म्हणतात, त्याची अक्षरे वीस वर्षांपूर्वीच्या भुकेने लिहिलेली आहेत. केडगावात त्या मुलींना प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकवले गेले. भावाचे ते मजुरीचे वाक्य इथे एका संस्थेची दिनचर्या झाले.

म्हणून सुरुवातीची आणि उत्तरायुष्यातली रमाबाई मला एकच दिसते. तिची श्रद्धा निर्णयाची जागा घेत नाही. ती निर्णयाचा धोका पत्करायचे बळ देते.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो गौरवलेखांनी झाकून ठेवला आहे. स्वतःसाठी मागितलेला वाचनाचा हक्क रमाबाईंनी आश्रितांना किती दिला? शारदा सदनात मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचे म्हणणे असे, की माझ्या खोलीचे दार उघडे असते, मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला अडवतही नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे. जिला दुसरे घर नाही आणि जी ताटातल्या अन्नासाठी याच बाईची ऋणी आहे, तिच्या दृष्टीने उघडे दारही थोडेसे बोलावतेच. वाँटेजला आश्रिताच्या जागी उभे राहून रमाबाईंनी हेच ओळखले होते. १९०५ मध्ये ‘मुक्ति’त शेकडो मुली धार्मिक भावावेशाने रडल्या, प्रार्थू लागल्या. त्यांतली एखादी आपल्या ‘आजीबाई’शी तसे भांडू शकली असती का? भांडली असेल तर ते पत्र कुठे आहे? रमाबाईंच्या पुढच्या अभ्यासकाने शोधावे असे काही असेल, तर ते हेच.

अनिश्चिततेत देवावर हवाला ठेवणाऱ्या लेखनाकडे पाहताना श्रद्धा खरी की खोटी हे ठरवणे समीक्षेचे काम नाही. तो हवाला माणसाला बसवून ठेवतो की उठवतो, संकेत वाचण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, आणि त्या वाचनाची किंमत कोण मोजतो, एवढे विचारता आले तरी पुष्कळ आहे. पहिल्या दोन प्रश्नांना रमाबाईंचे लेखन ठणठणीत उत्तर देते. तिसऱ्यापाशी ते अडखळते, आणि त्यामुळेच ते आज पुन्हा वाचायला हवे.