कान आणि किंमत

‘नव्या ॲम्प्लिफायरने गाण्यावरचा पडदाच सरकला’, असे आपण सहज म्हणतो. पण जुना आणि नवा संच सारख्याच आवाजावर ऐकला होता का? किंचित मोठा आवाज कानाला अधिक स्वच्छ वाटतो. त्यात किंमत ठाऊक असली, की कान तिच्याच बाजूने साक्ष देतो.

अमेरिकेतील मेयर आणि मोरन यांनी सुपर ऑडिओ सीडीसारख्या तबकड्यांवरचे संगीत आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले संगीत, कोणते ते न सांगता, श्रोत्यांना ऐकवले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर. नाणे उडवूनही जवळपास तेवढीच आली असती.

म्हणून प्रत्येक फरक भ्रम ठरत नाही. स्पीकरचा फरक खरा असतो, खोलीचाही. वाशी-नेरूळच्या सदनिकांत उघडी फरशी आणि काँक्रीटच्या भिंती तानपुऱ्याची जवारी गढूळ करतात. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट यांनी ती बरीच निवळते.

तेव्हा बचतीला हात घालण्यापूर्वी आवाज समान ठेवावा, संच बदलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि आपण पाठ फिरवून बसावे. वीसपैकी पंधरा वेळा ओळखता आले, तर फरक आहे असे मानावे. एरवी सतरंजी घ्यावी.