वाचली, पण खेळलो नाही

कराडजवळचं टेंभू आज दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक, ते आगरकरांचं जन्मगाव. दुसरी, कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या माळावर चढवणारी उपसा सिंचन योजना. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ‘केरळकोकिळ’कार कृष्णाजी नारायण आठल्ये याच गावचे. हा माणूस कोचीनला गेला, तिथून १८८६ साली त्यानं चक्क मराठी मासिक सुरू केलं, परखड पुस्तकपरीक्षणं लिहून नाव आणि वैर दोन्ही कमावलं. १९०० साली याच मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची गोष्ट ‘चंद्रलोकची सफर’ या नावानं मराठीत आली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुतेकजण सुरुवात इथूनच करतात. म्हणजे गावात वीजही नव्हती तेव्हा टेंभूच्या माणसाच्या मासिकातून मराठी वाचक चंद्रावर जाऊन आला होता.

या गोष्टीला आता सव्वाशे वर्षं झाली. तरीही जिच्यात पोरं राहायला जातील, मोठे जिच्यावरून भांडतील आणि नवे लेखक जिच्यात आपली खोली बांधतील अशी एकही विज्ञानकथा मराठीत उभी राहिली नाही. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ उभं राहिलं. १९६६ साली सुरू झालेली ती मालिका तीन हंगामांत, ७९ भागांत संपली, आणि खरं तर संपलीच नाही. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. पुढं चित्रपट आले, नव्या मालिका आल्या, शेकडो कादंबऱ्या आल्या. नासानं आपल्या पहिल्या चाचणी शटलला १९७६ साली ‘एंटरप्राइझ’ हे नाव दिलं तेही या चाहत्यांच्या पत्रांमुळे. मालिकेतल्या परग्रहवासीयांच्या क्लिंगॉन भाषेचा कोश निघाला आणि त्या भाषेत ‘हॅम्लेट’ही झालं. इतकं सगळं गंभीरपणे घ्यावं का, हा प्रश्न मलाही पडतो. पण पडद्यावरच्या एका पुठ्ठ्याच्या यानानं खऱ्या यानाला नाव दिलं, त्याला काय म्हणणार?

ऐंशीच्या दशकात हे ‘स्टार ट्रेक’ दूरदर्शनवरून आमच्याकडेही आलं. साताऱ्यात आमच्या आळीत तेव्हा एकाच घरी टीव्ही. रविवारी एकजण कौलांवर चढून अँटेना धरायचा, खालून दुसरा ओरडायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ निम्मा भाग मुंग्यांचाच. इंग्रजी कुणाला धड कळत नव्हतं. तरी सोमवारी शाळेत मालिकेतल्या स्पॉकसारखी बोटं फाकवून नमस्कार चालायचे आणि कंपासपेटी कानाला लावून आम्ही कुठल्यातरी ग्रहावरून एकमेकांशी बोलायचो. त्याच काळात नगर वाचनालयातून जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ हे विज्ञानकथांचं पुस्तक घरी यायचं. ते आम्ही मन लावून वाचलं. वडील तर पानाच्या कडेला पेन्सिलीनं खुणा करायचे, वाचनालयाचं पुस्तक असूनही. पण नारळीकर आम्ही कधी खेळलो नाही. मराठी विज्ञानकथेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या एका फरकात आहे.

जमीन नापीक होती असं म्हणायला जागा नाही. सातारा-सांगली या जुन्या एकत्र मुलखात तर ती फारच कसदार होती. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथं लोखंडी नांगर घडू लागले, आणि कारखान्याच्या त्याच आवारातून १९२० साली मासिक निघालं. शंकरराव किर्लोस्करांचं हे ‘किर्लोस्कर’ यंत्राच्या आवाजात वाढलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातूनच वाचकांपर्यंत गेले. नांगर आणि निबंध एकाच वाडीतून बाहेर पडावेत, हे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठं घडलं? मग वाई. तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. १९७६ साली पहिला खंड निघाला, विसावा निघायला २०१५ उजाडलं. भौतिकी, रसायन, भूविज्ञान मराठीत बोलायचं तर शब्द हवेत. ते शब्द पारखून घेण्याचं काम कृष्णाकाठच्या त्या गावात पंडित आणि प्राध्यापक मिळून करत होते.

आणि शंका घेण्याची सवय? ती साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी लावली. विलिंग्डन महाविद्यालय सांगलीचं, वैद्यकीय शिक्षण मिरजेचं, कर्मभूमी सातारा. ज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घ्यायचं नारळीकरांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या हाताशी दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते होते. कुंडल्या पाहून हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं, एवढंच सांगायचं होतं. उत्तरं पाठवली २७ ज्योतिषांनी आणि ती ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर याहून बरं जमलं असतं.

भाषा, यंत्र, चिकित्सा, तिन्ही इथली. आणि विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मांडवात पहिला पाट मांडला गेला तोही इथंच. १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन सगळ्यांच्या लक्षात आहे ते आणीबाणीमुळे, दुर्गाबाई भागवतांच्या निर्भय बोलण्यामुळे, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाणांमुळे. तिथल्याच अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाईंनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची मराठीतला नवा प्रवाह म्हणून दखल घेतली होती. आदल्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळालं होतं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नारळीकरांची ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की हे नाव तयार होतं. परीक्षकांनी मोठ्या शास्त्रज्ञाच्या नावाला बक्षीस देऊ नये, कथेला द्यावं, म्हणून ही युक्ती.

नारळीकर २० मे २०२५ ला गेले, त्यानंतर जे लेख आले ते बहुतेक नमस्कार होते. आदर मलाही आहे, पण त्यांच्या कथा आता हात न राखता वाचायला हव्यात. त्यांची सर्वांत चांगली कथा माझ्या मते ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. विश्वासरावाला लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते आणि इतिहास दुसऱ्या रुळावर चढतो. दिल्लीत नामधारी बादशहा, मुंबईत कंपनीचा अजून तग धरलेला ठाणेदारी कारभार, आणि खिशात राहिलेलं बखरीचं एक फाटकं पान. पुंजभौतिकी इतक्या मराठी वेदनेत कुणी बुडवून काढली नव्हती. पानिपताची सल ज्याच्या घरात बोलली जाते त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. कथा अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात गेली आणि देशभरची मुलं ती वाचतात. आम्हा सातारकरांना मात्र एक खाज राहते: पेशवे जिंकले असते तर साताऱ्याच्या गादीचं काय झालं असतं? अशा विश्वात प्रश्नाला प्रश्न लागत जातात. हे विश्व कुणीतरी पुढं न्यायला हवं होतं. दुसऱ्या लेखकानं त्या दुसऱ्या महाराष्ट्रातला सातारा लिहायला हवा होता, तिसऱ्यानं सांगली, चौथ्यानं त्या मुंबईतला गिरणगाव. तसं झालं नाही. कथा संपली की दार बंद.

‘धूमकेतू’ घ्या. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ अणुस्फोटानं वळवतात आणि शोध लावणाऱ्याच्याच घरात यज्ञाला श्रेय मिळतं. हा उपरोध आजही बोचतो. पण अशा कथांतली माणसं बोलतात ती परिषदेत निबंध वाचल्यासारखी. एकजण विचारतो, दुसरा फळ्यावर आकृती काढून सांगतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’त डाव्या-उजव्याची अदलाबदल, क्रिकेट आणि गणपती असा झकास मसाला आहे, तरी शेवटी लक्षात राहते ती मोबियसची पट्टी, माणूस नाही. स्पॉकचे कान लक्षात राहतात. नारळीकरांच्या एका तरी नायकाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो का? त्यांना कथेतून विज्ञान घरोघर न्यायचं होतं, ते त्यांनी नेलंही. पण वाटाड्यानं जागा दाखवली म्हणून आपण तिथं राहायला जात नाही.

हे केवळ एका लेखकाचं वैगुण्य नव्हे. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिली आणि १९६१ मध्ये बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही मालिकाच दिली. गुरूला टीव्ही मिळाला, शिष्याला दिवाळी अंक. दिवाळी अंक एक कथा मागतो, वर्षभरानं दुसरी मागतो, आणि ती वेगळी असावी अशीच त्याची अपेक्षा असते. त्या घडणीत मालिका जन्मत नाही. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ अमेरिकन अभ्यासक जेम्स गन यांच्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली, तीही सुटीच. बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. ते इथं चार शब्दांत उरकतो आहे याची मला कल्पना आहे. पण यांतल्या कुणाच्या गोष्टीत दुसऱ्यानं पात्र आणून सोडल्याचं मला आठवत नाही. ज्याचा त्याचा शोध, ज्याची त्याची प्रयोगशाळा.

मराठी प्रेक्षकाला अद्भुताचं वावडं आहे, असंही कुणी म्हणू नये. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं तेव्हापासून राक्षस ‘अलल्डुर्र’ करत रंगमंचावर येत आले आहेत आणि पेंगलेला प्रेक्षक दचकून जागा होत आला आहे. नाट्यपंढरीनं सगळं अद्भुत पुराणाला दिलं, पुढं संगीताला दिलं. भविष्यकाळाला रंगमंच कधी फारसा मिळाला नाही. चित्रपटांतही एखादा ‘फुंतरू’ २०१६ मध्ये येतो आणि जातो. पैसा नाही म्हणतात. असेल. पण पुठ्ठ्याच्या यानाला किती पैसा लागतो?

खरी अडचण मला वेगळी वाटते. मराठी विज्ञानकथेचा पत्ता पुणे, मुंबई, फार तर केंब्रिज. तिचं यान कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात उतरतच नाही. आणि विज्ञान तर इथं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानं जवळपास दोनशे माणसं नेली. धरणात साठवलेल्या पाण्याचा आणि या भूकंपांचा संबंध जगभरच्या भूशास्त्रज्ञांना इथं खेचून घेऊन आला. १९९९ साली जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून लेक टॅपिंग झालं. कराडला आज खोल वेधनाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि कोयना परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून झालं आहे. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट फोडल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. पृथ्वीच्या पोटात जायची व्हर्नची गोष्ट मराठी पोरांनी पिढ्यानपिढ्या भाषांतरातून वाचली. पाटणच्या डोंगरात ती खरोखर चालू असताना मात्र तिच्यावर मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग धुक्यात फिरते, तिथं परग्रह उभा करायला नेपथ्यकारसुद्धा लागणार नाही. टेंभूचं पाणी चढण चढून दुष्काळी आटपाडीत पोचतं. त्या पंपांवर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला काय दिसतं, काय ऐकू येतं?

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती. यंदा विज्ञानकथा मागवताना एकाच खोऱ्यावर पाच लेखकांकडून पाच कथा मागवा: धरण तेच, गाव तेच, पात्रं एकमेकांच्या कथेत जाणारी-येणारी. मानधन जे सुट्या कथेला देता तेच द्या. आणि पुढच्या वर्षी त्याच गावात परत या.