अश्वाध्यक्ष-प्रकरणातील आहारमान : एक परीक्षण

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांविषयी आहे. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रकाशात आणला, पुढे प्रा. कंगले यांची चिकित्सित आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये प्रसिद्ध केली आणि अभ्यासकांना पाठाचा भक्कम आधार मिळाला. या अध्यायात अश्वाच्या शिध्याची मापे दिली आहेत. धान्याबरोबर मीठ, दही, दूध आणि 'क्षार' यांचीही मापे तेथे आलेली पाहून, आहारातील खनिजांच्या समतोलाचे ज्ञान प्राचीनांना होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज होतो. तो कितपत टिकतो हे यादीतील एकेक पदार्थ तपासूनच ठरविता येईल.

उत्तम अश्वाला २ द्रोण धान्य, १ प्रस्थ स्नेह, ५ पले मीठ, ५० पले मांस आणि पिंड भिजविण्यासाठी १ आढक रस किंवा २ आढक दही द्यावे, असे हे मान आहे. प्रतिपान म्हणून ५ पले क्षारासह १ प्रस्थ सुरा किंवा २ प्रस्थ दूध सांगितले आहे.

यांपैकी मिठाची योजना निःसंशय प्रशंसनीय आहे. पल सुमारे ३८ ग्रॅमचे धरल्यास ५ पले मीठ १९० ग्रॅमच्या आसपास भरते व त्यातून सुमारे ७५ ग्रॅम सोडियम मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००७ च्या कोष्टकानुसार ५०० किलो वजनाच्या विश्रांत घोड्याला रोज १० ग्रॅम, तर अतिश्रम करणाऱ्याला सुमारे ४१ ग्रॅम सोडियम लागते. घामावाटे घोड्याचे मीठ फार जाते आणि धान्य व गवत यांत ते अल्प असते. पाणी मुबलक असल्यास अधिक मीठ मूत्रावाटे निघून जाते. म्हणून हे माप सढळ असले तरी अनुभवाला धरून आहे.

'क्षार' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. आजच्या अर्थाने तो वाचला तर येथे खनिजांचे मिश्रण सांगितले आहे असा भास होईल. परंतु याच अधिकरणाच्या पंधराव्या अध्यायात, कोष्ठागाराच्या प्रकरणात, फाणित, गूळ, खांड इत्यादी उसापासून होणारे पदार्थ 'क्षारवर्गा'त मोजले आहेत. यवक्षाराची गणना मात्र 'लवणवर्गा'त आहे. तेव्हा सुरेबरोबरचा क्षार हा गुळाच्या जातीचा पदार्थ होय. ग्रंथाची परिभाषा ग्रंथातूनच घ्यावी, हा नियम येथे मोडला तर शर्करेचे खनिज होते.

खरी कसोटी कॅल्शियम व फॉस्फरस यांची आहे. घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी नसावे. विश्रांत घोड्यासाठी वरील कोष्टकात ही प्रमाणे २० व १४ ग्रॅम आहेत. जवाच्या एका किलोत कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर फॉस्फरस साडेतीन-चार ग्रॅम असते. मांसातही फॉस्फरसच अधिक. दह्याने ही उणीव भरून निघेल असे वाटते. पण २ आढक दही हे २ द्रोण धान्याच्या मापाचा केवळ चतुर्थांश होय आणि दह्यातही फॉस्फरस असतेच. हिशेब केला तर धान्य व दही मिळून फॉस्फरस कॅल्शियमच्या तिप्पट-चौपट उरते. असा आहार दीर्घकाळ चालला तर शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते, जबड्याची हाडे सुजतात व जनावर लंगडते. क्रूक व लो यांनी १९६४ मध्ये या विकाराचे सविस्तर विवेचन केले.

मग कौटिल्याच्या तबेल्यातील घोडे कशावर तगले असावेत? उत्तर यादीच्या शेवटी आहे : अर्धा भार, म्हणजे १००० पले यवस, आणि त्याच्या दुप्पट तृण. सुमारे ३८ किलो हिरवा चारा पोटात गेला तर कॅल्शियमचे पारडे बरेच सावरते. परंतु हा यवस कोणता, हे अध्याय सांगत नाही. तो द्विदल वनस्पतींचा असेल तर कॅल्शियम विपुल मिळेल. ऑक्झलेट अधिक असलेल्या उष्ण प्रदेशातील गवताचा असेल तर चाऱ्यात असलेले कॅल्शियमही अंगी लागणार नाही. शिवाय हे माप लांबच्या वाटेने व ओझ्याने थकलेल्या घोड्यांच्या उपचारांलगत आले आहे. ते नित्याचे की प्रासंगिक, यावर सारा हिशेब फिरतो.

घोड्यांच्या बाबतीतील हे औदार्य घोडीच्या वाट्याला आलेले नाही. तिचा शिधा चतुर्थांशाने कमी केला आहे. दूध देणाऱ्या घोडीला पहिल्या महिन्यात रोज सुमारे ५९ ग्रॅम कॅल्शियम लागते, विश्रांत घोड्याच्या जवळजवळ तिप्पट. व्याल्यानंतर तूप, सातू व औषधे देण्याची व्यवस्था अध्यायात आहे, शिंगराला दूधही आहे. पण ही काळजी काही दिवसांची, आणि दुभतेपण महिन्यांचे. दर्जाप्रमाणे शिधा घटविण्याचे तत्त्व कोठारास सोयीचे आहे, देहाच्या गरजेला नव्हे.

सारांश, या प्रकरणात मिठाविषयीचे पक्के व्यवहारज्ञान दिसते. खनिजांच्या समतोलाचा सिद्धांत दिसत नाही, आणि तो नसणे हे न्यूनही नव्हे. राजकोष्ठातून काय मोजून द्यावे हे ठरविणारी ही यादी आहे. मोजलेल्या धान्याइतकेच मोघम सांगितलेल्या चाऱ्यावर अश्वाचे आरोग्य अवलंबून होते, ही गोष्ट तिच्या वाचकाने विसरू नये. आणि आजही खुराकाची कोष्टके भरताना तबेल्यातील गवताचे परीक्षण वगळणाऱ्याने तर मुळीच विसरू नये.